गंगाजळी : होळकरांच्या खजिन्यापासून रिझर्व्ह बँकेच्या सोन्यापर्यंत

‘देशाची परकीय चलनाची गंगाजळी’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातील ‘गंगाजळी’ या शब्दाकडे थांबून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. इंग्रजीतील अर्थशास्त्रीय संज्ञेला प्रतिशब्द शोधताना आपण बहुधा संस्कृतातून एखादा जड शब्द घडवतो. येथे मात्र भाषेने देवघरातील एक वस्तू उचलली आणि ती थेट राष्ट्राच्या तिजोरीत नेऊन ठेवली. मराठीचा अध्यापक या नात्याने मला या शब्दाचे कुतूहल फार दिवसांपासून आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु शब्दाचा माग काढीत गेले असता इतिहासाची वाट आपोआप सापडते, आणि ही वाट तर आपल्या माळव्यातूनच जाते. म्हणून ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी हा विषय निवडला आहे.

गंगाजळी म्हणजे गंगेचे पाणी भरून, तोंड झाळून बंद केलेली तांब्याची लहानशी लोटी. आमच्या आजीच्या देवघरात अशी एक होती. तिची रोज पूजा होई, पण ती उघडली जात नसे. ती उघडायची ती घरातल्या कोणाचा अखेरचा क्षण जवळ आला म्हणजेच. माझ्या लहानपणी शेजारच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ अत्यवस्थ झाले आणि त्यांच्या घरी गंगाजळी नव्हती. आजीने क्षणाचाही विचार न करता आपली लोटी त्यांच्याकडे धाडली. पुढे दोन वर्षे आमच्या देवघरातील ती जागा रिकामीच होती. काशीयात्रेला निघालेल्या एका नातेवाइकाने दुसरी लोटी आणून दिली, तेव्हा कुठे आजीच्या जिवाला स्वस्थता लाभली. त्या दोन वर्षांत घरात कोणाला साधा ताप आला तरी ती अस्वस्थ होई. गंगाजळी वापरण्यासाठी असते, पण ती नसेल तर मनुष्य निर्धास्त राहू शकत नाही. हा त्या शब्दाचा खरा अर्थ मला तेथे कळला. एखाद्या राज्याची गंगाजळीही याहून वेगळी नसते. ती केव्हा उघडावी आणि ती कोणाच्या घरी ठेवावी, हे दोन प्रश्न तिच्याही बाबतीत पुनःपुन्हा उभे राहिले आहेत. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

मराठी राज्यांच्या इतिहासात ‘गंगाजळी’ हा शब्द खजिन्याच्या अर्थाने रूढ झाला तो मुख्यतः ग्वाल्हेरच्या शिंद्यांमुळे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील तळघरांत साठवलेल्या संचयाला गंगाजळी म्हणत. युद्ध, दुष्काळ अशा आपत्तीतच त्याला हात लावावयाचा, आणि त्याची नेमकी जागा राजाने आपल्या वारसालाच सांगावयाची, अशी परंपरा सांगतात. १८५८ मध्ये इंग्रजी फौज ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिरली ती १८८६ पर्यंत तेथेच होती. म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे जयाजीराव शिंद्यांचा संचय परक्या पहाऱ्याखालील किल्ल्यात होता! किल्ला परत मिळाला त्याच वर्षी जयाजीरावांचे निधन झाले. त्यांचे पुत्र माधवराव त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. जयाजीरावांच्या पश्चात त्या संचयातूनच साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला कर्जाऊ देण्यात आले. संस्थाने विलीन झाल्यावरही हा शब्द पुसला गेला नाही; मध्य भारत राज्याने १९५४ साली ‘गंगाजळी’ निधीच्या न्यासासाठी स्वतंत्र कायदा केला. वृत्तपत्रांतील आजच्या शब्दप्रयोगामागे अशी दीर्घ परंपरा आहे.

इंदूरच्या होळकरांकडे पाहिले असता संचयाची दुसरी एक रीत आढळते. थोरल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली आणि होळकरांच्या घरात ‘दौलत’ व ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशोब सुरू झाले. दौलतीचा पैसा राज्याचा, खासगीचा पैसा राजघराण्यातील स्त्रियांच्या अधिकारातला. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ असा सुमारे अठ्ठावीस वर्षे कारभार केला. खजिना हाती येताच त्यांनी त्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्यास वाहिला, ही हकीगत माळव्यात सर्वतोमुखी आहे. काशी, गया, सोमनाथ येथील त्यांची बांधकामे आणि ठिकठिकाणचे घाट व विहिरी पाहिल्या म्हणजे या हकीगतीतील आशय पटतो. त्यांच्या काळातील रुपयांवर शिवलिंग व बेलपत्र ही चिन्हे आढळतात. संचय हा आपला नव्हे, आपण केवळ त्याचे विश्वस्त आहोत, ही भावना नाण्यावरच ठसवली होती असे म्हणता येईल.

परंतु हा पैसा येत कोठून होता? महसूल हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. हिंदुस्थानात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. रुपया पाडण्यासाठी लागणारी चांदी परदेशी व्यापारातूनच येई. म्हणजे ज्याला आपण आज ‘परकीय चलन मिळवणे’ म्हणतो, ते त्या काळी जहाजातून चांदी उतरवून घेणे होते. एकोणिसाव्या शतकात या चांदीच्या प्रवाहाशी माळव्याचा संबंध आला तो एका लाजिरवाण्या पिकामुळे. ते पीक म्हणजे अफू. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण चीनला इंग्लंडचा माल फारसा नको होता. ही फट हिंदुस्थानच्या अफूने भरून काढली. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात होती; माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखात पिके आणि व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईकडे व पोर्तुगीजांच्या दमणकडे जाई. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीमार्गे दमणला जाणारी वाट बंद झाली आणि इंग्रज सरकारने माळवी अफूवरील पास-शुल्क भराभर वाढवले. १८४३ मध्ये पेटीमागे २०० रुपये असलेले शुल्क १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४०० रुपये झाले. इंदूर हे ही अफू तोलण्याचे व शुल्क घेण्याचे एक प्रमुख ठिकाण होते. चीनमधील व्यसनी माणसाच्या चांदीतून माळव्याचा सावकार, मुंबईचा जहाजमालक आणि लंडनचा चहाविक्या असे तिघेही पोसले गेले. १९०७ च्या करारानंतर ही निर्यात उतरणीला लागली आणि १९१३ पर्यंत ती संपली. आपल्या शहराच्या जुन्या वैभवाचे वर्णन करताना ही गोष्ट झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही.

आता १८७० सालाकडे येऊ. खंडवा येथून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणण्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी हिंदुस्थान सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याजाचा दर शेकडा साडेचार आणि मुदत एकशे एक वर्षांची! वर्षाचे व्याज साडेचार लाख रुपये. तळघरात निजलेला पैसा बाहेर काढून त्याचे नर्मदेवरील पुलात आणि विंध्याच्या घाटातील बोगद्यांत रूपांतर करणारा हा राजा व्यवहारचतुर होता यात शंका नाही. त्या दशकातच आगगाडी इंदूरला आली आणि माळव्याचा कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. पुढे इंदुरात उभ्या राहिलेल्या गिरण्यांचा पाया या लोहमार्गानेच घातला. पुरलेला संचय आणि कामाला लावलेला संचय यांतील भेद दाखवणारे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मात्र या व्यवहारात एक धोका होता, आणि तो कर्ज देताना कोणाच्याच ध्यानात येण्यासारखा नव्हता. कर्ज रुपयांत होते आणि रुपया चांदीचा होता. १८७१ मध्ये जर्मनीने सोन्याच्या चलनाची वाट धरली, इतर राष्ट्रे तिच्यामागे गेली आणि जगाच्या बाजारात चांदी स्वस्त होऊ लागली. १८७१-७२ मध्ये एका रुपयाला सुमारे तेवीस पेन्स मिळत. १८९२-९३ मध्ये जेमतेम पंधरा मिळू लागले. म्हणजे वीस वर्षांत रुपयाचे सोन्यातील मोल एक तृतीयांशाहून अधिक घटले. होळकरांना साडेचार लाख रुपये नियमाने मिळत असले, तरी विलायती यंत्र घेण्यासाठी त्याच साडेचार लाखांची किंमत पूर्वीसारखी राहिली नव्हती. खजिन्यातील रुपया मोजून तेवढाच भरतो, पण त्याचे मोल दूरदेशी कोणी दुसराच ठरवतो, हा धडा हिंदुस्थानला प्रथम या काळात मिळाला.

यावर सरकारने योजलेला उपाय संस्थानांना अधिकच जाचक ठरला. २६ जून १८९३ रोजी खासगी चांदी घेऊन रुपये पाडून देणे सरकारी टांकसाळींनी बंद केले. परिणामी सरकारी रुपया दुर्मिळ होऊन त्याचा भाव चढला आणि १८९९ पासून पंधरा रुपयांस एक पौंड, म्हणजे रुपयास सोळा पेन्स, हा दर कायद्याने ठरला. पण संस्थानांचा ‘हाली’ रुपया मात्र चांदीच्या भावाबरोबर घसरतच राहिला. दोन्ही नाण्यांत चांदी जवळपास सारखी असूनही बाजारात त्यांच्या किमतींत अंतर पडले. अशा स्थितीत आपली टांकसाळ चालवणे म्हणजे प्रजेच्या हाती पडते नाणे देणे होते. एकामागून एक संस्थानांनी इंग्रजी रुपया स्वीकारला. इंदुरातही १९०२ मध्ये तोच चालू झाला. होळकरांच्या नाण्यांचे दीडशे वर्षांच्या आतले राज्य असे संपले. ते कोणत्या लढाईत संपले नाही. लंडनमध्ये ठरलेल्या एका दराने संपले.

आता प्रश्न उरला तो या सोळा पेन्सांच्या वचनामागे काय ठेवावयाचे याचा. रुपयातील चांदीची किंमत त्याच्या दर्शनी किमतीहून कमी असल्याने प्रत्येक नवा रुपया पाडताना सरकारला नफा होई. १९०० पासून हा नफा ‘सुवर्ण परिमाण निधी’ या नावाने बाजूस काढण्यात आला. हीच आधुनिक हिंदुस्थानची पहिली गंगाजळी म्हणावी लागेल. परंतु ती ठेवली गेली लंडनला, आणि बव्हंशी इंग्रज सरकारच्याच रोख्यांत गुंतवली गेली. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचे समर्थन केले. प्रत्यक्ष सोने हाताळण्याचा खर्च टाळून काम भागवणारी ही रीत त्यांना शहाणपणाची वाटली.

या मताचा सर्वांत मूलगामी प्रतिवाद करणारा विद्वान आपल्या परिसरातच जन्मला, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळील महू छावणीत झाला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९२३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना लाभली. डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा साध्या शब्दांत असा सांगता येईल : हा निधी वाढतो तो रुपये पाडल्याने. म्हणजे जितका निधी मोठा तितकी बाजारातील रुपयांची संख्याही मोठी. मग ज्या देण्याची हमी म्हणून निधी ठेवावयाचा, ते देणेच निधीबरोबर वाढत असेल तर त्या हमीचा उपयोग काय? त्यांच्या मते रुपयाचे मोल टिकते ते तळघरातील सोन्याने नव्हे, तर सरकारला मन मानेल तसे चलन काढता येऊ नये अशा मर्यादेने. चलन वाढले की भाववाढ होते आणि तिचा भार गरिबावर पडतो, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. दलितांचा कैवारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनातही तीच कळकळ होती हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सरकारची गंगाजळी लंडनला होती; प्रजेची मात्र घराघरांत, स्त्रियांच्या अंगावर होती. पाटल्या, गोठ, ठुशी, पुतळ्यांची माळ ही आमच्या समाजाची खरी बँक. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याचे परिमाण सोडले, पौंड घसरला आणि पौंडाला जखडलेल्या रुपयात सोन्याचा भाव एकाएकी चढला. त्याच वेळी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र ठरलेलेच होते. शेतकऱ्याने घरातील दागिने मोडले. १९३१ नंतरच्या पाच-सहा वर्षांत सुमारे तीनशे कोटी रुपयांचे सोने या देशाबाहेर गेले. ‘अडचणीचे सोने’ असे त्याला तेव्हाच म्हटले गेले. त्या सोन्याने इंग्लंडची पत सावरण्यास मदत झाली. लोकनेत्यांनी निर्यात थांबवण्याची मागणी केली, पण सरकारने ती मानली नाही.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्या कायद्यात नोटांच्या पाठीशी किमान चाळीस टक्के सोने व पौंडी रोखे असावेत आणि सोने चाळीस कोटी रुपयांहून कमी नसावे अशी अट होती. शिवाय त्या सोन्यापैकी विसांत सतरा हिस्से तरी देशातच राहिले पाहिजे, असेही कायद्याने बजावले होते. सोने कोणाच्या घरी असावे, या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर होते. पण रोख्यांना अशी मर्यादा नव्हती, आणि दुसऱ्या महायुद्धात तेच निर्णायक ठरले.

युद्धात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून धान्य, कापड, पोलाद असे प्रचंड सामान घेतले. त्याचा मोबदला लंडनमध्ये पौंडांत रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा होई आणि त्या आधारावर बँक येथे नोटा छापी. युद्धारंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा व्यवहारात होत्या. युद्ध संपताना ती संख्या सहा पटींहून अधिक झाली. आंबेडकरांनी वीस वर्षांपूर्वी दिलेला इशारा किती यथार्थ होता, हे या आकड्यांवरून दिसेल. लंडनमध्ये हिंदुस्थानची गंगाजळी फुगत होती आणि येथे महागाईने माणसे भरडली जात होती. १९४३ मध्ये बंगालमध्ये तर लाखो माणसे अन्नावाचून मेली. युद्धाअखेर आपले सुमारे सतराशे कोटी रुपये इंग्लंडकडे येणे निघाले. ऋणको हिंदुस्थान धनको झाला खरा, पण उपाशी पोटाने.

हे येणे वसूल करण्याच्या कामी एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी पुढे सनदी सेवेत गेला आणि अर्थकारणाच्या रुक्ष कामातही त्याने कालिदासाची संगत सोडली नाही. ‘मेघदूता’चा त्यांनी केलेला मराठी पद्यानुवाद आपल्या वाचकांना परिचित आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली. तेथील हिंदी शिष्टमंडळात सर जेरेमी रेझमन यांच्याबरोबर देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ हेही होते. नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने युद्धकाळातील या पौंडी शिलकेपैकी काही भाग तरी इतर चलनांत बदलून मिळण्याची सोय करावी, अशी आपली मागणी होती. ती मान्य झाली नाही. हा प्रश्न हिंदुस्थान व इंग्लंड यांनी आपसांत सोडवावा असेच ठरले. आपले येणे बुडवले जाईल अशी धास्ती त्या काळी खरोखरच होती. ते बुडले नाही, पण ते केव्हा व किती काढावयाचे यावर इंग्लंडचे नियंत्रण राहिले. परक्याच्या घरी ठेवलेली गंगाजळी मागताना मालकालाही याचक व्हावे लागते, ही गोष्ट या वाटाघाटींनी सिद्ध केली.

स्वातंत्र्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येईल. पौंडी शिलकेतून पाकिस्तानचा वाटा गेला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद झाली, धान्य आले, यंत्रे आली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांची उभारणी हाती घेतली आणि शिल्लक झपाट्याने उतरली. १९५६ मध्ये चाळीस टक्क्यांची जुनी अट रद्द होऊन तिच्या जागी ४०० कोटींचे परदेशी रोखे व ११५ कोटींचे सोने अशी किमान मर्यादा आली. वर्षभरातच तीही पेलेना. १९५७ मध्ये एकूण मर्यादा २०० कोटींवर आणावी लागली, त्यांत सोने ११५ कोटींचे. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथील पोलादाचे कारखाने या खर्चातून उभे राहिले हे खरे. तुकोजीरावांच्या लोहमार्गाचीच ही मोठी आवृत्ती होती. पण तुकोजीरावांच्या हाती त्यांचा स्वतःचा संचय होता, आणि आपल्याला १९५८ पासून मित्रराष्ट्रांच्या मदतीकडे डोळे लावावे लागले.

१९६२ च्या चीन युद्धात स्त्रियांनी संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने उतरवून दिले. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला, चोरट्या आयातीला मात्र बरकत आली. लोकांनी मनापासून दिलेले सोने आणि कायद्याने अडवलेले सोने यांतील फरक राज्यकर्त्यांना उमगला नाही. जून १९६६ मध्ये रुपया पुन्हा उतरला. डॉलरला ४ रुपये ७६ पैशांऐवजी साडेसात रुपये पडू लागले. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा अखेर १९९० मध्ये रद्द झाला.

आणि १९९१ साल उजाडले. त्या वेळी मी एम.ए.चा विद्यार्थी होतो आणि सकाळचा वेळ ग्रंथालयाच्या वृत्तपत्र-कक्षात घालवीत असे. आखातातील युद्धाने तेल महागले होते, परदेशस्थ भारतीय आपल्या ठेवी काढून घेत होते, आणि नवे कर्ज द्यायला कोणी तयार नव्हते. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. मे महिन्यात चंद्रशेखर यांच्या सरकारने जप्तीचे वीस टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत घेण्याच्या बोलीवर, स्वित्झर्लंडमधील एका बँकेला विकले. जुलैमध्ये नरसिंह राव यांचे सरकार आल्यावर रिझर्व्ह बँकेचे ४६.९१ टन सोने विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे गेले आणि त्याच्या तारणावर सुमारे चाळीस कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. ही बातमी वृत्तपत्रांत आली त्या दिवशी वृत्तपत्र-कक्षातील शांतता मला आजही आठवते. एक वृद्ध वाचक चष्मा पुसत एवढेच म्हणाले, “मंगळसूत्र गहाण पडलं.” कोणी काही उत्तर दिले नाही.

आज मागे वळून पाहताना वाटते की, त्यांच्या दुःखात जितके सत्य होते तितकाच एक गैरसमजही होता. गंगाजळी अशाच वेळेसाठी असते. हप्ता चुकवून जगात पत घालवण्यापेक्षा सोने तारण ठेवून शब्द पाळणे हे त्या वेळी उचित होते. नोव्हेंबर १९९१ पर्यंत ते कर्ज फिटले आणि तारण मोकळे झाले. लाज वाटावयास हवी होती ती लोटी उघडल्याची नव्हे, तर ती उघडण्याची पाळी येईपर्यंत वर्षानुवर्षे कर्जावर संसार केल्याची.

त्यानंतरची वाढ आश्चर्यकारक आहे. डिसेंबर २००३ मध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी शंभर अब्ज डॉलरपलीकडे गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिने सातशे अब्जांचा टप्पा ओलांडला. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून २०० टन सोने सुमारे ६७० कोटी डॉलर रोख मोजून घेतले. अठरा वर्षांपूर्वीचा ऋणको आता खरेदीदार झाला होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षात बँकेने इंग्लंडमधील आपले १०० टन सोने मायदेशी आणले. मार्च २०२५ अखेर बँकेकडे सुमारे ८८० टन सोने होते आणि त्यांपैकी सुमारे ५१२ टन देशातच होते. हे सोने मुंबई व नागपूर येथील तळघरांत असते. २०२२ मध्ये रशियाची परदेशांतील शिल्लक पाश्चात्त्य राष्ट्रांनी गोठवली, तेव्हा गंगाजळी कोणाच्या घरी ठेवावी हा जुना प्रश्न साऱ्या जगाला नव्याने आठवला. माळव्याला तो ग्वाल्हेरच्या किल्ल्यापासून ठाऊक होता.

तरीही या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. आपली मालाची आयात अजूनही निर्यातीहून अधिक आहे. ही गंगाजळी वाढली ती परदेशी कष्टणाऱ्या भारतीयांनी घरी पाठवलेल्या पैशाने, संगणक-सेवांच्या मिळकतीने आणि परदेशी गुंतवणुकीने. यांतील गुंतवणुकीचा पैसा हा पाहुणा आहे. तो कधी उठून जाईल याचा नेम नसतो. शिवाय रिझर्व्ह बँक डॉलर घेते तेव्हा बदल्यात रुपयेच देते. निधीबरोबर देणेही वाढते, हा महूच्या त्या सुपुत्राचा सिद्धांत शंभर वर्षांनंतरही विसरता येत नाही.

तुकोजीरावांच्या कर्जाची एकशे एक वर्षांची मुदत मोजली तर ती १९७१ मध्ये भरते. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही संपले. मुदत भरली तेव्हा घेणारे साम्राज्य उरले नव्हते आणि देणारे राज्यही उरले नव्हते. उरला तो लोहमार्ग, आणि त्या मार्गाने आलेली माणसे. त्यांच्यातच आपल्या ग्रंथालयाला वर्गणी देणारे, स्वतःच्या पदरमोडीने पुस्तके आणणारे आपले पूर्वसूरीही होते. त्यांनी जमवलेला ग्रंथसंग्रह ही इंदूरच्या मराठी समाजाची गंगाजळी आहे. ती वापरली तरी घटत नाही, हा तिचा विशेष. पण भर घालणारे हात थांबले तर तीही आटल्यावाचून राहणार नाही. रिकाम्या जागेकडे पाहून बेचैन होणारी आजीची नजर पुढल्या शतकातही या ग्रंथालयाला लाभो, एवढीच प्रार्थना.